हिरड्यांची फाईल आणि वजनाची फाईल

ब्रश करताना बेसिनमध्ये पडणारे गुलाबी पाणी मी जवळजवळ दोन वर्षे पाहत होते आणि ब्रश कडक असेल, अशी स्वतःची समजूत घालून नळ सोडत होते. दुखत काहीच नव्हते. पुढे खालच्या दोन दातांमध्ये पूर्वी नसलेली फट दिसू लागली आणि जिभेने ढकलून पाहिल्यावर त्यांतला एक दात किंचित हलला, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. त्या वेळी माझे वय ४३, उंची १६२ सेंटिमीटर आणि वजन ९७ किलो होते. गुडघेदुखीमुळे जानेवारी २०२३ पासून मी वजनाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडेही जात होते. हिरड्यांचा आणि वजनाचा काही संबंध असेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते आणि सुरुवातीच्या महिन्यांत दोन्हीकडच्या डॉक्टरांपैकी कोणी तो उलगडून सांगितलाही नाही. पुढची दीडएक वर्षे दोन्हीकडच्या फाइली एकाच पिशवीत घालून मीच इकडून तिकडे नेत राहिले. ज्यांच्या अशा फेऱ्या नुकत्याच सुरू होणार आहेत, त्यांना थोडा अंदाज यावा म्हणून हे तारीखवार लिहीत आहे.

पहिली भेट ६ मार्च २०२३ रोजी एका दंतवैद्यांकडे झाली. त्यांनी आरशाने तोंडात पाहिले, पंचवीस मिनिटांत दातांची सफाई केली आणि निघताना म्हणाले, "ब्रश नीट करत जा, आणि वजनही जरा कमी करा." सल्ला चुकीचा नव्हता, हे आज कळते, पण तो ज्या रीतीने दिला गेला, त्यात कारण नव्हते, फक्त टोमणा होता. लठ्ठ माणसाला कान दुखला तरी वजन कमी करायला सांगितले जाते, त्यातलाच हा प्रकार समजून मी घरी आले. दोन आठवडे रक्त थांबले, सहाव्या आठवड्यात पुन्हा सुरू झाले. हिरडीच्या आतली खोली त्या भेटीत कोणत्याही साधनाने मोजली गेली नव्हती, हे मला फार नंतर समजले. तेव्हा पहिली सूचना हीच: हिरड्यांसाठी जाल तेव्हा "पॉकेट मोजणार का?" असे सरळ विचारावे. पॉकेट म्हणजे हिरडी आणि दात यांच्या मधली खाच. हिरड्यांचे दुखणे वरून पाहून कळत नाही, ते मिलिमीटरमध्ये कळते.

इकडे वजनाच्या दवाखान्यात चार पानांचा अर्ज भरून घेतला होता. गुडघे, झोप, घोरणे, आम्लपित्त, पाळी, थायरॉइड, घरातला मधुमेह, मनःस्थिती असे सगळे त्यात होते. तोंडाविषयी एकही प्रश्न नव्हता. २२ एप्रिलला आहारतज्ज्ञांनी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाण्याचा तक्ता दिला. हा तक्ता पुढे अडचणीचा ठरला, त्याविषयी नंतर सांगते.

खालचा दात हलतच होता, म्हणून ताईच्या आग्रहावरून मी एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात हिरडीरोग विभागात नाव नोंदवले. तिथे केसपेपर काढण्यासाठी एक रांग, विभागाचा शिक्का घेण्यासाठी दुसरी आणि पैसे भरण्यासाठी तिसरी. आधीच्या दंतवैद्यांची चिठ्ठी नसल्यामुळे मला पहिल्या दिवशी परत पाठवण्यात आले. चिठ्ठी आणल्यावर पाच आठवड्यांनंतरची, २९ मेची तारीख मिळाली. जुने एक्स-रे, चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि आधीची रक्ततपासणी यांच्या झेरॉक्स पहिल्याच दिवशी सोबत ठेवल्या, तर एक खेप वाचते. गोळ्यांची यादी तर न विसरता न्यावी, कारण रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही औषधांनी हिरड्या फुगतात आणि ते डॉक्टरांना माहीत असावे लागते. ज्यांचे वजन माझ्याहून बरेच जास्त आहे, त्यांनी दंतवैद्याच्या खुर्चीची भारमर्यादा फोनवरच विचारून घ्यावी. प्रत्येक खुर्चीला अशी मर्यादा असते. माझ्यासमोर एका गृहस्थांना ऐनवेळी दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीकडे पाठवले गेले आणि भरलेल्या प्रतीक्षाकक्षातून जाताना त्यांनी मान वर केली नाही.

२९ मे हा दिवस मात्र वाया गेला, आणि तो दंडामुळे गेला. उपचाराआधी परिचारिकेने रक्तदाब मोजला. पट्टा दंडाभोवती जेमतेम पोहोचला, हवा भरताना एकदा सुटला, दुसऱ्यांदा तिने तो हाताने दाबून धरला. आकडा आला १५८/९६. "फिजिशियनचे फिटनेस प्रमाणपत्र आणा," असे सांगून मला परत पाठवण्यात आले. पुढचे दोन दिवस मी रक्तदाबाच्या धास्तीत काढले. फिजिशियनांनी आधी टेपने माझ्या दंडाचा घेर मोजला, तो ३८ सेंटिमीटर भरला, मग मोठा पट्टा बांधून पाच मिनिटे शांत बसवले आणि पुन्हा मोजले, तर १३२/८४. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला, तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, असे त्यांनी सांगितले. त्यांनी प्रमाणपत्रावर "मोठा पट्टा वापरावा" असे लिहून खाली रेघ ओढली, आणि ते एक वाक्य पुढे मला दर भेटीत उपयोगी पडले. नवी तारीख १४ जूनची मिळाली. म्हणजे एका पट्ट्यापायी सोळा दिवस गेले.

१४ जूनला जे झाले, ते मी विसरणार नाही. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टर हातात एक बारीक, खुणा केलेली, बोथट टोकाची सळई घेऊन बसल्या. तिला प्रोब म्हणतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि दात यांच्या मधल्या खाचेत ती अलगद उतरवायची आणि किती मिलिमीटर आत गेली ते मोठ्याने सांगायचे. शेजारची विद्यार्थिनी ते तक्त्यात लिहिते. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार, रक्त." सुरुवातीला ते आकडे कोणा तिसऱ्याच माणसाचे असावेत, असे ऐकत होते. मग मागच्या दाढांकडे आल्यावर आवाज जरा हळू झाला: "पाच, सहा, सात, रक्त. पुन्हा सात." तीनपर्यंत ठीक, चारपासून लक्ष द्यायचे, सहा आणि पुढे म्हणजे गंभीर, एवढे मला आधी सांगितले होते, त्यामुळे प्रत्येक सहाला माझ्या हाताची मूठ आपोआप आवळली जात होती. एक दाढ पूर्वीच काढलेली असल्यामुळे अक्कलदाढा न धरता माझे सत्तावीस दात, म्हणजे १६२ जागा. माझी उंचीही १६२ सेंटिमीटर, याचे त्या अवस्थेतही हसू आले. त्या १६२ पैकी ९४ जागांतून रक्त आले, म्हणजे ५८ टक्के. सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल अशा १९ जागा निघाल्या.

एक्स-रे पाहून निदान लिहिले गेले: पेरिओडॉन्टायटिस (दाताभोवतीचे हाड झिजवणारा हिरडीरोग), टप्पा ३, श्रेणी बी. हे वर्गीकरण २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. टप्पा १ ते ४ म्हणजे आजवर किती नुकसान झाले ते, आणि ए, बी, सी ही श्रेणी म्हणजे ते किती वेगाने होत आहे व होऊ शकते ते. श्रेणी वरची ठरवणारे घटक म्हणून धूम्रपान आणि मधुमेह यांना तिथे आकड्यांसह जागा आहे. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ७ टक्के किंवा जास्त असेल, तर रुग्ण थेट सी श्रेणीत जातो. लठ्ठपणाला असा आकडा दिलेला नाही. दातांना धरून ठेवणाऱ्या भागांवर परिणाम करणाऱ्या शरीरातल्या इतर स्थितींच्या यादीत मात्र त्याचे नाव आहे. म्हणूनच त्या डॉक्टरांनी विचारले, "ताई, साखर शेवटची कधी तपासली होती?" वजनाच्या दवाखान्यात उपाशीपोटीची साखर एकदा तपासली होती, तीन महिन्यांची सरासरी कोणी पाहिली नव्हती. ती ६.३ टक्के निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे दाह (सूज आणणारी शरीराची प्रतिक्रिया) दाखवणारे प्रथिनही वाढलेले निघाले. माझ्या शरीरात दाह आहे, हे मला एका दातांच्या डॉक्टरांनी कागदावर दाखवले. तो किती चरबीचा आणि किती हिरड्यांचा, हे मात्र त्या आकड्यावरून सांगता येत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले, कारण दोन्हींमुळे तो आकडा वर जातो.

त्या दिवशी मी त्यांना मार्चपासून मनात खुपत असलेला प्रश्न विचारला: माझ्या वजनामुळे हे झाले का? त्यांचे उत्तर मी बाहेर येऊन फाइलच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले. त्यातला प्लाक म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर. "प्लाक नसेल तर नुसत्या वजनाने हिरडी बिघडत नाही. पण तेवढ्याच प्लाकला तुमचे शरीर जरा जास्त जोराने उत्तर देते, आणि त्या उत्तरात तुमचेच हाड झिजते." टोमणा आणि कारण यांतला फरक मला त्या एका मिनिटात समजला. मार्चमध्ये मी दुखावून उठले होते. या वेळी ऐकत बसले.

घरी येऊन वाचले तेही थोडे सांगते. चरबी म्हणजे शरीराने साठवून ठेवलेले जास्तीचे इंधन, एवढीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती ग्रंथीसारखी काम करते. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा पदार्थ तयार होताना आढळला, १९९४ मध्ये चरबीपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबी, विशेषतः पोटातली, वाढली की तिच्यात रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, इंटरल्युकिन-६ सारखे दाह वाढवणारे पदार्थ रक्तात मिसळतात आणि दाह आवरणारे अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होते. हेच टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन हिरडीतही असतात, आणि दाताभोवतीचे हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. शिवाय वाढलेल्या चरबीमुळे इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते, साखर वाढते आणि वाढलेली साखर हिरड्यांना पुन्हा त्रास देते. उलट दिशेचा रस्ताही आहे: हिरड्यांवर उपचार केल्यानंतर मधुमेही रुग्णांची एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले आहे.

माणसांतला पुरावा म्हणाल, तर १९९८ मध्ये जपानमधल्या २४१ लोकांच्या तपासणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) आणि हिरडीरोग यांचा संबंध दिसल्याचे छापून आले आणि त्यानंतर या विषयाकडे लक्ष वेधले गेले. २०११ मधल्या एका एकत्रित आढाव्यात लठ्ठ व्यक्तींत पेरिओडॉन्टायटिस असण्याचे शक्यता-गुणोत्तर (१ म्हणजे काहीच फरक नाही) १.८१ आणि नुसते वजन जास्त असलेल्यांत १.२७ आले, त्याआधीच्या, २०१० च्या आढाव्यात लठ्ठपणासाठी ते १.३५ होते. आकडे सारखे नाहीत, पण दिशा एकच आहे. यातले बरेचसे अभ्यास एकाच वेळी दोन्ही गोष्टी मोजणारे आहेत, त्यामुळे आधी काय आले हे त्यांतून कळत नाही. आणि गोड खाणे, धूम्रपान, आर्थिक ओढाताण, डॉक्टरांकडे जाण्याची टाळाटाळ ही कारणे दोन्हींना सामाईक असू शकतात. त्यातले शेवटचे कारण माझ्यापुरते तरी खरे आहे. वजनाविषयी बोलणी खावी लागतील म्हणून मी दंतवैद्याची पायरी दोन वर्षे चढले नव्हते, आणि त्या दोन वर्षांत झिजलेल्या हाडाला चरबीइतकाच तो संकोचही जबाबदार आहे, असे मला वाटते.

उपचार ठरलेल्या पायऱ्यांनी झाला. पहिली पायरी ब्रश शिकण्याची. त्रेचाळीसाव्या वर्षी कोणी ब्रश धरायला शिकवावे, याची आधी लाज वाटली. पण दातांवर रंगाचे द्रावण लावून आरसा हातात दिला, तेव्हा मागच्या दाढांच्या आतल्या बाजू गडद जांभळ्या झालेल्या दिसल्या आणि वाद मिटला. माझे गाल जाड असल्यामुळे मोठ्या डोक्याचा ब्रश मागे पोहोचतच नव्हता. लहान डोक्याचा ब्रश घेणे, आणि शेवटच्या दाढेसाठी तोंड पूर्ण न उघडता अर्धे मिटणे, म्हणजे गाल सैल पडून जागा होते, या दोन साध्या गोष्टींनी फरक पडला. दातांच्या फटींसाठी वेगवेगळ्या जाडीचे तीन इंटरडेंटल ब्रश दिले. कोणत्या फटीत कोणता, हे मी कागदावर चित्र काढून बेसिनजवळ चिकटवले. पहिले दहा दिवस रक्त जास्तच आले. त्या वेळी थांबू नये, असे निक्षून सांगितले होते.

याच पायरीवर दोन फाइलींची टक्कर झाली. हिरडी खाली सरकली की दाताचे मूळ उघडे पडते, मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचे कडक आवरण, नसते आणि ते लवकर किडते. अशा तोंडाला दिवसातून सहा वेळा खाणे सोसत नाही, विशेषतः त्यात गोड काही असेल तर. आहारतज्ज्ञ म्हणत होत्या सहा वेळा, दंतविभाग म्हणत होता मधले खाणे कमी करा. मी दोन्ही कागद घेऊन आहारतज्ज्ञांसमोर ठेवले. त्यांनी जराही आढेवेढे न घेता तक्ता बदलला: तीन जेवणे, एक मधले खाणे, आणि अधूनमधून फक्त पाणी. पहिल्याच भेटीत त्या अर्जावर दातांचा एक प्रश्न असता, तर हे दोन महिने वाचले असते.

दुसरी पायरी खोल सफाईची, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंगची. ३, १०, १७ आणि २४ जुलै, अशा चार सोमवारी तोंडाचा एकेक चतुर्थांश भूल देऊन साफ केला. चारही भेटींचा मिळून खर्च पहिल्या तपासणीच्या शुल्काच्या साधारण नऊपट झाला. भुलीचे इंजेक्शन सोडले तर दुखले नाही. यंत्राचा बारीक किणकिणता आवाज आणि मुळावरून अवजार घासल्याची कवटीत घुमणारी खरखर मात्र सवयीची होत नाही. माझी खरी अडचण श्वासाची होती. खुर्ची पूर्ण आडवी केली की पोटाचा भार छातीकडे येतो, त्यात तोंडात पाणी; पहिल्या भेटीत मी घाबरून दोनदा उठून बसले. डॉक्टरांनी मग पाठ अर्धवट वर ठेवली आणि मानेखाली गुंडाळी दिली. त्यांना वाकून काम करावे लागले, पण तक्रार नव्हती. हात वर करून थांबवण्याची खूण आधीच ठरवून घ्यावी. ती आहे एवढ्या जाणिवेनेच निम्मी भीती जाते. घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे यांविषयीही त्यांनी विचारले, कारण तोंड रात्रभर कोरडे राहिले की पुढच्या हिरड्या सुजलेल्या राहतात. हा निरोप मी फाइलीतून वजनाच्या डॉक्टरांकडे पोहोचवला.

सफाईने दात हलू लागतात, ही समजूत मीही ऐकत आले होते. होते असे की दातांना चिकटून बसलेला कीट निघतो, हिरडीची सूज उतरते, त्यामुळे दात लांब दिसतात, फटी उघड्या पडतात आणि थंड पाण्याची शिणक येते. मला ती सहा आठवडे आली. कीट दातांना आधार देत नव्हता. त्याच्या आड झालेले नुकसान फक्त दिसू लागते. तरी आरशात त्या काळ्या त्रिकोणी फटी पाहून मी एकदा रडले, हे लपवत नाही. झिजलेले हाड अशा सफाईने परत येत नाही, हे आधी सांगितले होते. तरी ते डोळ्यांनी पाहणे वेगळे असते.

त्यानंतर तीन महिने नुसती वाट. फेरतपासणी लगेच करत नाहीत, हिरडीला बसायला वेळ लागतो. या काळात वजन ९७ वरून ९२ वर आले. ३० ऑक्टोबरला पुन्हा तीच सळई, तेच आकडे: रक्त येणाऱ्या जागा ९४ वरून ३६, आणि सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल जागा १९ वरून ७. "हे वजन उतरल्यामुळे का?" असे मी उत्साहाने विचारले, तर डॉक्टर हसून म्हणाल्या की मुख्य श्रेय सफाईचे आणि माझ्या हाताचे, पाच किलोंचा वाटा किती, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही. लठ्ठ रुग्णांना सफाईचा गुण कमी येतो का, याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. मला हे उत्तर आवडले. सोपे श्रेय देऊन मला खूश करणे त्यांना सहज शक्य होते.

उरलेल्या सात जागा तीन दाढांभोवती होत्या. तिथे हिरडी उघडून आतून साफ करण्याची, म्हणजे फ्लॅपची, शस्त्रक्रिया सुचवली. विम्यासाठी निदानाचा दाखला, पॉकेटचा तक्ता, एक्स-रे, खर्चाचा अंदाज, ओळखपत्र आणि अर्ज अशी सहा कागदांची चळत पाठवली. तक्त्याची प्रत मिळायलाच दहा दिवस लागले होते. तेविसाव्या दिवशी नकार आला: अपघात वगळता दातांचे उपचार योजनेत बसत नाहीत. ही अट पत्रकाच्या आतल्या पानावर छापलेली होती, मीच वाचली नव्हती. शस्त्रक्रियेचा खर्च चारही सफाया मिळून झाला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त आला. रुग्णालयाने तो दोन हप्त्यांत घेतला, पण विचारल्यावर.

११ डिसेंबरला शस्त्रक्रिया झाली. संमतिपत्र दोन पानांचे होते. त्यात सूज, रक्तस्राव, दात आखूड-लांब दिसणे आणि उपयोग न होण्याची शक्यता हे सगळे लिहिले होते, ते घरी नेऊन वाचायला मागितले तर देतात. मोठा पट्टा या वेळी मीच आठवणीने मागितला. दीड तास लागला. त्या बाजूने ब्रश बंद, म्हणून क्लोरहेक्झिडिनचे माउथवॉश दिवसातून दोनदा. त्याने दातांवर तपकिरी डाग पडले आणि आठवडाभर कशालाच धड चव लागेना. डाग नंतर पॉलिशने निघाले. २० डिसेंबरला टाके काढले. त्या नऊ दिवसांत मऊ आणि पातळ खाण्याच्या नावाखाली माझे मोजमाप पार बिघडले आणि वजन दीड किलो वाढले. आहारतज्ज्ञांशी आधी बोलून त्या दिवसांचा वेगळा तक्ता करून घेतला असता, तर हे टळले असते. ज्यांची वजनासाठीची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनीही तिच्या आधीच दात आणि हिरड्या दाखवून घ्याव्यात, असे मला विभागात सांगण्यात आले. नंतर काही काळ वारंवार थोडे खाणे आणि उलट्या यांमुळे तोंडाचे हाल होतात.

पुढचे सगळे देखभालीत मोडते: दर तीन महिन्यांनी एक भेट, तीस-चाळीस मिनिटे, मोजणी आणि वरवरची सफाई. १८ मार्च आणि १७ जून २०२४ या दोन तारखा पार पडल्या. जूनमध्ये वजन ८६ किलो भरले, म्हणजे बीएमआय ३७ वरून ३२.८, आशियाई वंशाच्या लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या २७.५ या वरच्या पातळीपासून मी अजून बरीच दूर आहे. कंबर ११२ सेंटिमीटरवरून १०३ झाली. ती उंचीच्या निम्मी, म्हणजे ८१ च्या आत असावी, असे म्हणतात. एचबीए१सी ५.८. रक्त येणाऱ्या जागा १४, म्हणजे ८.६ टक्के, दहाच्या आत आल्यावर विद्यार्थिनीने तक्त्यावर गोल काढला. खालचा दात किंचित हलतो, पण वाढत नाही. शेजारच्या दाताला तो आतून बारीक तारेने बांधून ठेवला आहे.

जूनमध्येच वजनाच्या दवाखान्यात वार्षिक अर्ज पुन्हा भरायचा होता. तीच चार पाने, तेच प्रश्न. गुडघे आणि झोप यांच्या खाली मी समासात पेनाने एक ओळ लिहिली: "हिरड्यांचा उपचार चालू, तक्ता सोबत जोडला आहे." डॉक्टरांनी ती वाचली, तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि या आकड्यांचा अर्थ काय, असे विचारले. मी तीन, चार आणि सहा यांचा फरक समजावून सांगितला. त्यांनी एक प्रत ठेवून घेतली.

उजव्या वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक जागा अजून सहा मिलिमीटर आहे. तिथे ब्रश तिरपा धरावा लागतो आणि रात्री कंटाळा येतो. पुढची मोजणी २३ सप्टेंबरला आहे.